वेलांटी मागनं येते

माझ्या आज्जीनं विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला जवळजवळ चाळीस वर्षांनी मिळालं. ते ऐकायला ती राहिली नाही, म्हणून इथं लिहून ठेवतेय.

1986 साल. मी डी.एड.ला होते. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहायचो. आजोबा गेल्यावर त्यांची पेन्शन आज्जीच्या नावावर झाली आणि दर महिन्याला बँकेत अंगठा उठवायची पाळी तिच्यावर आली. अंगठ्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण नंतर शाई पुसायला समोरून जो कागदाचा बोळा यायचा, तो तिला फार लागायचा. घरी येऊन ती आधी साबणानं, मग चुलीतल्या राखेनं अंगठा घासत बसायची. एक दिवस म्हणाली, "तू मास्तरीण होणार न्हवं? मग आधी मला शिकीव. सही तेवढी येऊ दे."

तिचं नाव तीन अक्षरी, आणि मधल्या अक्षराला पहिली वेलांटी. पाटीवर मी ठळक काढून दिलं, हात धरून गिरवून घेतलं. पहिलं अक्षर चार दिवसांत बसलं. दुसऱ्याच्या वेळी मी आधी नुसता 'व' शिकवला, मग वेलांटी लावून दाखवली आणि शाळेत म्हणतात तसं म्हटलं, "व ला पहिली वेलांटी वि." आज्जीनं वेलांटीच्या काठीवर बोट ठेवलं.

"ही फुडं का?"

"तिची जागा तिथंच असते, आज्जी."

"तू म्हणताना 'व ला वेलांटी' म्हटलास. म्हंजे आधी व, मग वेलांटी. तोंडात मागनं येतीया. मग लिवताना फुडं कशी काय आली?"

मी म्हटलं, तसंच असतं. तेव्हा माझ्याकडं दुसरं उत्तर नव्हतं, आणि 'माहीत नाही' म्हणायचं वयही नव्हतं. आज्जी गप्प झाली. पण तिनं वेलांटी माझ्यासारखी काढली नाही. आधी 'व' काढायची, आणि मग पाटीवरचा हात मागं नेऊन, राहिलेल्या जागेत वेलांटी घालायची. मी दहादा सांगितलं असेल, आधी वेलांटी काढ, मग अक्षर. ती ऐकायची आणि आपल्याच पद्धतीनं काढायची.

पुढं मला नोकरी लागली. सदतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. त्यातल्या एका मुलाबद्दल आज सांगायलाच पाहिजे.

1994-95 चं वर्ष असेल. दुसरीचा वर्ग. हा मुलगा धडा असा खणखणीत वाचायचा की बाकीची पोरं वळून बघायची. स्वल्पविरामाला थांबायचा, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायचा. एकदा तो वाचत असताना वाऱ्यानं पान उलटलं. समोर दुसरंच चित्र आलं, आणि हा मात्र तोच धडा तसाच पुढं वाचत राहिला. मी जवळ जाऊन पुस्तक मिटलं. त्यानं आणखी दोन ओळी म्हटल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं. थोरली बहीण घरी मोठ्यानं वाचायची, ते ऐकून त्याचं पुस्तकातलं सगळं पाठ झालं होतं.

मी फळ्यावर सुटे शब्द लिहिले. 'कविता' लिहिलं, तो 'किवता' म्हणाला. 'रविवार'चं 'रिववार' झालं. 'हरिण'चं 'हिरण' झालं, आणि वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, "लबाडी करतोस होय रे?" एवढंच म्हणून थांबले असते तरी बरं. मी 'ढ' हा शब्दही वापरला, सगळ्यांसमोर. त्या दिवसानंतर तो वर्गात मोठ्यानं वाचायला कधी उभा राहिला नाही. वर्ष संपता संपता त्याच्या वडिलांची कामाची जागा बदलली आणि तो शाळा सोडून गेला. त्याचा चेहरा आठवतो तेव्हा तो हसरा आठवत नाही.

निवृत्तीनंतर मी करवीर नगर वाचन मंदिरात नियमानं जायला लागले. 1850 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे. एवढी वर्षं मुलांना वाचायला शिकवण्यात गेली आणि स्वतःचं वाचणं राहून गेलं होतं. माझी पुतणी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिला मी त्या मुलाची गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी ती काही पानं छापून घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या रविवारवर अभ्यास झालाय बघ."

ज्योत्स्ना वैद या टेक्सासमधल्या विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी आणि आशुम गुप्ता यांनी 2002 साली देवनागरीवरचं एक संशोधन प्रसिद्ध केलं. विषय नेमका हाच. ऱ्हस्व इ कागदावर व्यंजनाच्या आधी येते आणि तोंडात नंतर. डोळ्यांचा क्रम एक आणि कानांचा दुसरा. हिंदी वाचणाऱ्यांकडून त्यांनी शब्द मोठ्यानं वाचून घेतले, लागलेला वेळ मोजला. वेलांटीनं क्रम फिरवलेल्या शब्दांना जास्त वेळ लागत होता. फरक सेकंदाच्या बारीकशा तुकड्याचा असतो, आपल्याला तो जाणवतही नाही. पण आहे. तेवढ्या तुकड्यात डोळ्यांना पुढं जाऊन व्यंजन बघावं लागतं, आणि मनाला वेलांटी हातात धरून थांबावं लागतं.

ती पानं वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. काठी फुडं का, हा आज्जीचा प्रश्न मानसशास्त्राचा होता, आणि मी तो तसंच असतं म्हणून मोडीत काढला होता.

मग त्या मुलाच्या चुका मी परत कागदावर लिहून बघितल्या. काना कुठं असतो? अक्षराच्या उजवीकडं. दुसरी वेलांटी? उजवीकडं. मात्रा डोक्यावर, उकार पायाशी. म्हणजे खूण दिसली की ती डावीकडच्या अक्षराची, हा नियम पोराला कुणी सांगितलेला नव्हता. त्यानं स्वतः शोधून काढला होता. 'कविता'त 'क'च्या उजवीकडं काठी दिसली, म्हणून 'कि'. त्याची चूक ही विचार करणाऱ्या पोराची चूक होती. सगळ्या खुणांमधली एकच खूण नियम मोडते, आणि ती पहिली वेलांटी. हे मी त्याला एका वाक्यात सांगू शकले असते. मलाच ते माहीत नव्हतं. वेलांटीतली अडचण मला कधी दिसलीच नाही, कारण मी स्वतः वाचायला शिकून बसले होते. वाचायला येणाऱ्या माणसाला वाचता न येणं आठवत नाही, आणि शिकवणाऱ्याची सगळी अडचण तिथंच असते.

पुतणीनं आणलेल्या पानांत सोनाली नाग यांचंही काम होतं. त्या आता ऑक्सफर्डला प्राध्यापक आहेत. पण त्यांचं जे संशोधन मला जवळचं वाटलं ते कन्नड मुलांवरचं, 2007 साली प्रसिद्ध झालेलं. कोल्हापूरच्या माणसाला कन्नड परकी नाही. निपाणी इथून तासाभरावर. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची सोयरीक घाटाखालून किंवा सीमेपलीकडून. अक्षरं वेगळी दिसली तरी लिपीचा सांगाडा एकच: व्यंजन, त्याला स्वराची खूण, आणि जोडाक्षरं.

नाग यांना दिसलं ते असं. इंग्रजीची 26 अक्षरं शिकायला जेवढा काळ लागतो, त्याच्या कितीतरी पट काळ कन्नड अक्षरं हाताखाली यायला लागतो. पहिली-दुसरीत ते काम संपत नाही, तिसरी-चौथीपर्यंत चालूच राहतं. काही लिप्या आटोपशीर असतात आणि काही ऐसपैस, अशी त्यांची मांडणी आहे. आपली ऐसपैस. मराठीचा हिशोब करून बघा. क ते ळ 34 व्यंजनं, क्ष आणि ज्ञ धरून 36. प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे 432 रूपं. जोडाक्षरं अजून मोजलीच नाहीत. एकट्या 'र'चीच तऱ्हा बघा: 'धर्म'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पोटात, 'ट्रक'मध्ये पायाशी, 'दऱ्या'मध्ये आणखी वेगळा. पोराला स्वतःच्या राज्याचं नाव वाचायचं तर 'ष्ट्र' ओलांडूनच जावं लागतं.

आणि आम्ही काय करायचो? पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी झालीच पाहिजे. साहेब तपासणीला आले की पोरं का की कु के एका सुरात म्हणायची. साहेब खूश, आम्ही खूश. बाराखडी म्हणता येणं आणि ओळीतला सुटा 'कु' बघून ओळखता येणं यांत किती अंतर आहे, हे कुणी विचारत नव्हतं. तिसरीतलं पोर जोडाक्षराला अडखळलं की ते मागं पडलं असं आम्ही ठरवून टाकायचो. ते मागं पडलेलं नव्हतं. या लिपीला जेवढी वर्षं लागतात तेवढी त्याला लागत होती.

1986 हे वर्ष या विषयात आणखी एका कारणानं येतं. मी आज्जीला 'व' शिकवत होते त्याच साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं फोडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. त्या मुलाला मराठी उत्तम समजत होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, गोष्टीत कोण रागावलंय, सगळं त्याला कळत होतं. गुणाकाराची अर्धी बाजू तो घरून घेऊन आला होता, आणि ती अवघड बाजू आहे. उरलेली अर्धी द्यायचं काम माझं होतं.

ही भाषेची बाजू मराठीत किती कामाची आहे, ते एका शब्दावरून सांगते. 'जग' हा शब्द नुसता लिहिलेला बघा. 'हे जग मोठं आहे' मधला 'ज' वेगळा आणि 'शंभर वर्षं जग' असा आशीर्वाद देताना निघणारा 'ज' वेगळा. कागदावर दोन्ही एकच. कुठला म्हणायचा हे लिपी सांगत नाही, कान सांगतो. ज्या पोराशी घरात भरपूर बोललं गेलंय, त्याला हे शिकवावं लागत नाही.

आज्जीचा कान तर विलक्षण होता. तिच्या घरी दोन म्हशी होत्या आणि पहाटेचं दूध ती गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायची. कुणाकडं किती शेर, कुणाचं किती राहिलं, सगळं तोंडी. लग्नातल्या आहेराची यादी तिला वहीशिवाय पाठ असायची: कुणी कसली साडी नेसवली, काठ कसला, आणि परत काय द्यायचंय. जात्यावरच्या ओव्या ती एकीतून दुसरी काढत तासभर म्हणायची. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या एका स्वयंपाकघरातच किती होत्या!

शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आज्जी त्यानंतर जन्मली, तरी शाळेची पायरी तिनं बघितली नाही. पाठची भावंडं सांभाळायची होती आणि म्हशी होत्या. ती स्वतःला 'अडाणी' म्हणायची, आणि मीही तो शब्द कधी खोडून काढला नाही.

शिकवताना एक गोष्ट मला त्या वेळी चमत्कारिक वाटली होती. मी तिला विचारलं, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय राहील? "मळ," ती झटक्यात म्हणाली. मग मी विचारलं, 'क' पुरा काढू नको, नुसता क् चा आवाज काढ, मागचा अ राहू दे. आज्जी माझ्याकडं बघत राहिली. "कमळातनं आनी काय काढायचं? देठ?" मी समजावलं, परत समजावलं. शेवटी माझीच धारणा झाली की वय झालंय, आता जमायचं नाही.

पोर्तुगालमध्ये जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 सालीच हे तपासलं होतं. वाचायला कधीच न शिकलेली खेड्यातली मोठी माणसं आणि मोठेपणी वाचायला शिकलेली त्याच थरातली माणसं. दोघांनाही शब्दाचा पहिला आवाज काढून किंवा लावून म्हणायला सांगितलं. न शिकलेल्यांना ते बहुतेक जमलं नाही, शिकलेल्यांना जमलं. म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता, बुद्धीचा तर नव्हताच. बोलण्यातला सुटा आवाज वेगळा काढता येतो हे आपल्याला जन्मतः कळत नाही, अक्षरं शिकताना कळतं. आणि आपली लिपी तर आधी अख्खं अक्षर हातात देते, त्याच्या आतला सुटा आवाज फार उशिरा. नाग यांच्या कन्नड मुलांनाही तो उशिराच सापडत होता. 'कमळ'चं 'मळ' करणारी आज्जी जिथं होती तिथंच आपली सगळी मुलं काही वर्षं असतात.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या आसपासच्या माणसांना, त्यांत बहुतेक बायाच, सहा महिने हिंदी वाचायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रं आधी आणि नंतर काढली गेली. 2017 साली ते संशोधन आलं. तेवढ्या काळात मेंदूच्या खोल, जुन्या भागांतही बदल दिसले. आज्जी साठीच्या पुढं होती. तीन अक्षरांवर मी थांबायला नको होतं.

आता पाठांतराबद्दल थोडं, कारण त्या मुलाच्या बाबतीत मी तिथंच सगळ्यात जास्त चुकले. त्याचं पाठ असणं मला फसवणूक वाटलं. आमच्या लहानपणी तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोति आणि मग परवचा, म्हणजे तोंडपाठ पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी. अंकलिपी मिटलेली, समोर आजोबा. पुढं शिक्षणशास्त्रात पाठांतराला इतकी नावं ठेवलेली ऐकली की मलाही त्याची लाज वाटायला लागली. तर 2006 साली सेंट लुईसमधल्या विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं विचारलं तर पारडं फिरलं. परत वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, न बघता आठवलेल्यांना 56. पुस्तक मिटून आठवायला लावणं, ही आठवण पक्की करायची रीत आहे. परवचा म्हणजे तेच होतं. पुस्तक मिटलेलं, आणि समोर कुणीतरी ऐकणारं.

म्हणून पाठांतराची भीती नको, असं माझं आता ठाम मत आहे. त्यात वाचनाचं सोंग मिसळायला नको, इतकंच. त्या मुलाला त्याचा पाठ धडा म्हणू द्यायला हवा होता, आणि म्हणताना प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवायला लावायला हवं होतं. मग बोट मध्येच थांबवून विचारायचं, आता बोट कुठल्या शब्दावर आहे? पाठ असलेला 'रविवार' आणि छापलेला 'रविवार' तिथं एकमेकांना भेटले असते. अक्षराचं रूप, त्याचा आवाज आणि अर्थ मनात एका गाठीत बांधले जातात तेव्हा शब्द नजर पडताच ओळखू येतो. त्याच्याकडं आवाज आणि अर्थ तयार होते. मला फक्त रूप जोडून द्यायचं होतं.

आता शेजारची दोन मुलं संध्याकाळी माझ्याकडं येतात. एक दुसरीत, एक चौथीत. चौथीतली मुलगी परवा 'प्रतिष्ठा' वाचताना थांबली. तिला मी एकच सांगितलं, काठी दिसली की पुढच्या अक्षरावर उडी मार आणि मग बोल. तिनं जागेवरच गुडघे वाकवून खरंच उडी मारली आणि शब्द वाचला. मग दुसरीतला मुलगाही उडी मारून वाचायला लागला. काही दिवसांनी उडी आपोआप बंद झाली आणि नुसती मान हलायला लागली. आता तीही हलत नाही.

गेल्या पावसाळ्यात जुनी पेटी उपसताना आज्जीच्या पेन्शनच्या कागदांचं पुडकं सापडलं. सुरुवातीच्या कागदांवर अंगठे. मग 1986 च्या दिवाळीनंतरच्या एका कागदावर तिची पहिली सही. निळ्या शाईची, मोठ्ठी, चौकटीच्या बाहेर गेलेली. मी भिंग घेऊन मधलं अक्षर बघितलं. पहिल्या अक्षराचा काना आणि 'व' यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वेलांटी तिरकी होऊन बसलीय, आणि तिची कमान 'व'च्या शिरोरेघेवरून गेलीय. शाईवर शाई. आधी 'व', मग वेलांटी. बँकेत समोर कारकून उभा असतानाही तिनं आपलाच क्रम ठेवला होता.